मुलांना खो-खो कसा शिकवावा?

श्रोतेहो, २०२५ सालच्या जानेवारी महिन्यात दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुरुषांच्या व महिलांच्या, अशा दोन्ही अंतिम सामन्यांत भारताच्या संघांनी नेपाळच्या संघांचा पराभव करून अजिंक्यपद मिळविले. आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोघेही नायक महाराष्ट्रातील होते, ही आपणास अधिकच आनंदाची गोष्ट. तो सामना आमच्या कळमन्यातील मुलांनी दूरदर्शन संचापुढे दाटीवाटीने बसून पाहिला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांतली सात-आठ मुले माझ्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, आमाले खो-खो शिकवा."

मी मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेला एक साधा प्राथमिक शिक्षक. १९८० पासून २०१८ पर्यंत अडतीस वर्षे मुलांत काढली व त्यांपैकी बहुतेक वर्षे वर्गाबरोबर मैदानही माझ्याचकडे होते. त्या अवधीत खो-खो मी एका रीतीने शिकलो, दुसऱ्या रीतीने शिकविला आणि उशिरा का होईना, तिसऱ्या रीतीस आलो. या तीन रीतींची तुलना आपणांपुढे करावी, एवढाच आजचा हेतू.

ज्यांनी हा खेळ फार दिवसांत पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याची घडण प्रथम सांगतो, कारण पुढील सर्व विवेचन तीवरच उभे आहे. मध्य पाटीवर आठ गडी आठ चौकोनांत, एकाआड एक उलटसुलट तोंडे करून बसतात. नववा उभा राहून पाठलाग करतो. पळणारे एका वेळी तिघे. पळणाऱ्यास सारे मैदान मोकळे आहे. बसलेल्या गड्यांच्या मधून तो वाटेल तेव्हा इकडून तिकडे जाईल. पाठलाग करणाऱ्यास मात्र दोन बंधने आहेत. त्याने मध्य पाटी ओलांडावयाची नाही, आणि एकदा ज्या दिशेने पाऊल टाकले ती दिशा खांब गाठेपर्यंत सोडावयाची नाही. तेव्हा तो हरणासारखा वेगवान असला तरी एकटा आहे तोवर बांधलेलाच. पळणारा दोन गड्यांच्या मधून पलीकडे निसटला की याचा पराक्रम तेथेच संपला. अशा वेळी ज्याचे तोंड पलीकडच्या बाजूस आहे अशा एखाद्या गड्याच्या पाठीवर थाप देऊन मोठ्याने 'खो' म्हणावयाचे आणि आपण मुकाट्याने त्याच्या जागी बसावयाचे. हातातोंडाशी आलेला गडी दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचा. दहा वर्षांच्या मुलास ही गोष्ट किती जड जाते, याची कल्पना मैदानावर उभे राहिल्यावाचून यावयाची नाही.

आता पहिली रीत. ही गल्लीची रीत होय. मी स्वतः याच रीतीने शिकलो. मोठी मुले खेळत, आम्ही लहान कडेला उभे राहून पाहत असू. गडी कमी पडला की कोणीतरी हाक मारी, आणि आम्ही 'कच्चा लिंबू' म्हणून आत बसत असू. कोणी काही शिकवीत नसे. चूक झाली की पाठीत धपाटा बसे, एवढेच काय ते मार्गदर्शन! तथापि या रीतीचा एक गुण मोठा आहे. तीत मूल संपूर्ण खेळ पाहते, आणि त्यास खेळण्याची जी भूक लागते ती कोणत्याही तासात लावता यावयाची नाही. दोष असा की जे धीट व चपळ असेल ते शिकते. भित्रे मूल मोठे होईतो कच्चा लिंबूच राहते. मुलींना तर त्या काळी आमच्या गल्लीत हाक मारण्याची चालच नव्हती.

दुसरी रीत कवायतीची. ही आमच्या शाळांत इंग्रजी अमदानीत शिरली. पलटणीतून निवृत्त झालेले शिपाई व हवालदार शाळांवर ड्रिल मास्तर म्हणून नेमले जात. रांग, हुकूम, एक-दोन-तीन, ही त्यांची विद्या. पुढे १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासेस वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. आमच्या विदर्भात त्यापूर्वीच, १९१४ साली, अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले होते. त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकच्या प्रसंगी आपले देशी खेळ परदेशी लोकांना करून दाखविले. खो-खोला नियमांची चौकट पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४च्या सुमारास दिलीच होती. अशा रीतीने खेळ गल्लीतून उचलून शाळेत आला, आणि शाळेत आल्यावर शाळेच्या सवयी त्यास लागल्या.

मी बरीच वर्षे याच रीतीचा अभिमानी होतो. माझा तास कसा चाले ते सांगतो. प्रथम चौकोनात पंजांवर बसणे, शिटी वाजली की उठणे. हे वीस वेळा. मग खो देणे: पाठीमागून येणे, हाताचा स्पर्श, तोंडाने शब्द, लगेच बसणे, हे वीस वेळा. मग खांबास वळसा. मग हुलकावणी. प्रत्यक्ष खेळ शनिवारी, आणि तोही निवडलेल्या नऊ गड्यांचा. पाहावयास हे फार सुंदर दिसे. तपासणीस आलेले अधिकारी संतोष पावत. आम्ही आंतरशालेय सामन्यांत लागोपाठ दोन वर्षे ढाल आणली, तेव्हा आपल्यापुढे इतर शिक्षक म्हणजे काहीच नव्हेत, असेही मला वाटू लागले होते.

तिसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात समोरच्या शाळेचा एक लुकडा मुलगा पळतीस आला. तो दूर पळेच ना. पहिल्या व दुसऱ्या गड्याच्या मधून इकडे, दुसऱ्या व तिसऱ्याच्या मधून तिकडे, अशी साखळी घालीत तो मध्य पाटीवरूनच शिवण घातल्यासारखा चालला. माझ्या मुलांना खो देता येत होता. तो केव्हा द्यावा हे कळत नव्हते. एकजण भांबावून उभाच राहिला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला नाही. पुष्कळ दिवसांनी लागला: तो शिटीची वाट पाहत होता.

ढाल गेली याचे दुःख आठ दिवस टिकले असेल. परंतु २००३ साली जे घडले ते अद्यापि मनातून जात नाही.

आमची शाळा बाजाराजवळ. कळमन्याच्या बाजारात मिरचीचे ढीग पडू लागले की वाऱ्याबरोबर खाट मैदानावर येई आणि चौकोनांत बसलेली मुले एकामागून एक शिंकू लागत. अशाच एका सकाळी तास संपल्यावर पाचवीतील एक मुलगी मागे रेंगाळली. वडील बाजारात हमाली करीत. मुलगी अंगाने थोडी जड, बोलण्यास अगदी हळू. म्हणाली, "गुरुजी, मले कोनी खोच देत नाही." मी म्हटले, "तुझे लक्ष नसेल." ती काही बोलली नाही, निघून गेली.

मला थोडे टोचले खरे. दुसऱ्या दिवशी घरून मूठभर चिंचोके नेले आणि कडेला बसून, ज्याला खो मिळेल त्याच्या नावाने एकेक चिंचोका मांडीत गेलो. नऊ मिनिटांची पाळी संपली तेव्हा चार चलाख मुलांपुढे ढीग झाले होते. दोघांपुढे एकेक चिंचोका होता. त्या मुलीपुढे एकही नव्हता. नऊ मिनिटे ती पंजांवर, पाठ ताठ ठेवून, मी शिकविल्याप्रमाणे अगदी निर्दोष बसली होती! ज्याने तिला ओलांडून पुढच्यास खो दिला होता त्या मुलास मी विचारले, तर तो सरळच म्हणाला, "काऊन देऊ तिले? ते धावत नाही."

आता विचार करा. ती धावत नाही म्हणून तिला खो मिळत नाही, आणि खो मिळत नाही म्हणून ती धावत नाही. हा फेरा त्या मुलाने निर्माण केला नव्हता. जुलै महिन्यातच नऊजण निवडून मोकळा झालेला, खांबाजवळच्या मोक्याच्या जागा चलाख मुलांना वाटून दिलेला, आणि पटावरच्या उरलेल्यांना गडी कमी पडेल तेव्हाच आत बसविणारा शिक्षक मीच होतो. वर्गात अठ्ठेचाळीस मुले. मैदानावर एका वेळी पाठलागाचे नऊ व पळतीचे तीन, म्हणजे बाराजण. उरलेली छत्तीस मुले कडेला बसून टाळ्या वाजवीत. आणि त्या बारांतही एखादी अशी, की जी आत असून कडेलाच होती. गणिताच्या तासाला छत्तीस मुलांनी नुसत्या टाळ्या वाजविल्या असत्या तर मला कोणी शिक्षक म्हटले असते काय?

येथून माझी तिसरी रीत सुरू झाली. प्रथम मी मैदान मोडले. एका मोठ्या मैदानाऐवजी चार लहान आखली. तेलाच्या रिकाम्या डब्यांत मुरूम ठासून त्यांत बांबू रोवले, ते झाले खांब. प्रत्येक मैदानावर बारा मुले: सहाजण पाठलागास, त्यांत पाच बसलेले व एक उभा; दुसऱ्या सहांतील दोघे पळतीस, आणि बाकीचे चौघे चिंचोके मांडावयास. पाळी तीन मिनिटांची. पाळी संपली की सर्वांनी जागा बदलावयाच्या. व्याख्यान नाही, रांग नाही, आल्याबरोबर खेळ.

पाळी संपल्यावर मी एकच प्रश्न विचारी: "तो निसटला कसा?" पहिले काही दिवस उत्तर येईना, कारण माझ्या मुलांना प्रश्न विचारले जाण्याची सवय नव्हती. मग एक दिवस एकजण म्हणाला, "म्या खो उशिरा देल्ला." दुसऱ्याने सांगितले की खो वेळेवर दिला, पण हात पोहोचेपर्यंत दोन पावले फुकट गेली. मग मी म्हणे, "बरे, आता दहा वेळा नुसता खो देऊन पाहू." श्रोतेहो, ही तीच कवायत होती, जी मी वीस वर्षे शिटीवर करवून घेत होतो. परंतु आता ती त्यांनी मागून घेतली होती, आणि मागून घेतलेल्या वस्तूस मूल निराळ्या रीतीने हात लावते. दहा वेळा झाले की पुन्हा खेळ.

काही वर्षांनी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला एक तरुण शिक्षक आमच्याकडे आला. त्याने सांगितले की इंग्लंडात लफबरो येथील बंकर व थॉर्प या दोन अध्यापकांनी १९८२ सालीच हा विचार पद्धतशीर मांडला आहे: आधी मुलाच्या आवाक्यातला लहान खेळ, मग खेळातले मर्म, मग केव्हा काय करावे याचा निर्णय, आणि कौशल्याचा सराव त्यानंतर. ऐकून मला आनंद झाला व थोडी लाजही वाटली. एवढी गोष्ट कळावयास मला चिंचोके मोजावे लागले.

तथापि ही तिसरी रीत म्हणजे सर्व रोगांवरील मात्रा आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. तिच्या पायी माझ्या हातून चुकाही झाल्या.

प्रथम मी एक नियम घातला की सर्व बसलेल्यांना एकेकदा खो मिळाल्यावाचून कोणी गडी बाद करावयाचा नाही. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की मुले शिधावाटपाच्या दुकानासारखी क्रमाने खो वाटीत चालली आणि पळणारा मैदानाच्या टोकाशी कमरेवर हात ठेवून हसत उभा राहिला. आठवड्यात तो नियम मी मागे घेतला. मग ध्यानात आले की उपाय खेळातच आहे. साखळी घालणारा मध्य पाटीवरून जातो. तेथे जो जवळ असेल त्यालाच खो द्यावा लागतो, निवड करावयास सवड नसते. म्हणून हळू मुलांना मी मधल्या चौकोनांत बसवू लागलो आणि पळणाऱ्यांना साखळी शिकविली. दयेने जो खो मिळत नव्हता तो गरजेने मिळू लागला.

दुसरी चूक अधिक गंभीर. नुसते खेळू दिल्याने काही वाईट खोडी अशा जडतात की पुढे सुटता सुटत नाहीत. खो मिळण्यापूर्वीच उठणे ही एक. दुसरी, मोठ्यांचे पाहून सूर मारणे. आमची जमीन काळी. पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. अशा जमिनीवर एका मुलाने खांबाजवळ सूर मारला आणि त्याचे मनगट मोडले. त्याचे वडील शाळेत आले. रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "गुरुजी, तुमी होता ना तिथं?" मी होतो. पलीकडच्या मैदानावर प्रश्न विचारीत होतो.

त्या दिवसापासून सूर मारणे मी पुन्हा शिटीवर आणले. मैदानावर मुरूम टाकून पाणी मारून घेतले. खणून भुसभुशीत केलेल्या ओल्या मातीत, आधी गुडघ्यांवरून, मग उकिडवे बसून, मग दोन पावलांवरून, माझ्या डोळ्यांसमोर एकेकजण. लहान वर्गांस तर सूर मारण्याची बंदीच केली. जेथे हाडामांसाचा प्रश्न आहे तेथे मुलाने स्वतः शोधून काढण्याची वाट पाहू नये, हे माझे मत पक्के झाले आहे. या बाबतीत जुने ड्रिल मास्तर आम्हांपेक्षा शहाणे होते. बसण्याची ढब आणि पाठीमागूनच खो देणे, या दोन गोष्टीही मी आरंभीच हुकमाने शिकवितो. बाकी सर्व खेळातून.

येथे जाता जाता एक सांगतो. २०२२ साली पुण्यास जी अल्टिमेट खो-खो नावाची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, तीत मैदानावर नवांऐवजी सातच गडी ठेवले आणि त्यांतील एकास 'वझीर' करून कोणत्याही दिशेस धावण्याची मुभा दिली. पाहणाऱ्यांच्या दृष्टीने ते ठीक असेल. खेळ वेगवान होतो व पडद्यावर शोभतो. माझ्या दाराशी आलेल्या मुलांनाही आरंभी वझीरच पाहिजे होता, आणि प्रत्येकास स्वतःच वझीर व्हावयाचे होते. मी नाही म्हटले. ज्याला कोठेही धावता येते त्यास खो देण्याची गरज कमी भासते. आणि ती गरज ज्याला भासली नाही त्यास हा खेळ अजून समजावयाचा आहे. दोन वर्षे बांधून घेऊन धावा, मग वझिराचे पाहू, असे मी त्यांना सांगितले. मुले रुसली, पण दुसऱ्या दिवशी आली.

आपणांपैकी पुष्कळांची मुले आज शुल्क भरून क्रिकेट वा फुटबॉलच्या वर्गास जात असतील. तेथेही एकदा कडेला उभे राहून पाहावे. सरावाच्या जाळीत आपल्या मुलाला पाच मिनिटे फलंदाजी मिळते आणि उरलेला वेळ तो सीमेवर गवत उपटीत उभा असतो की काय, एवढे मोजावे. शिक्षकाचा गणवेश, शिटी व मोठा आवाज यांवरून काही ठरवू नये. आणि मूल घरी आले म्हणजे "जिंकलास का?" या प्रश्नाआधी "आज तुझ्याकडे चेंडू किती वेळा आला?" असे विचारून पाहावे. उत्तर देताना ते थबकले तर शिक्षकांना जाऊन भेटण्यास हरकत नाही. चांगला शिक्षक रागावणार नाही. मी मात्र त्या काळी रागावलो असतो, हे कबूल केले पाहिजे.

त्या मुलीविषयी आपण विचाराल. ती शाळेच्या संघात निवडली गेली नाही. तेवढी चपळ ती कधीच झाली नाही. परंतु त्या वर्षाच्या अखेरीस वर्गाच्या सामन्यात ती मधल्या चौकोनात बसली होती आणि पूर्वी "काऊन देऊ तिले" म्हणणारा मुलगा पाठलाग करीत होता. पळणारा तिच्या शेजारून निसटला, आणि त्याने तिच्या पाठीवर थाप दिली. ती उठली, चार पावले धावली, आणि हात पोहोचत नाही असे दिसताच पुढच्यास खो देऊन बसली. त्या पुढच्याने गडी बाद केला. सामना संपल्यावर ती माझ्याकडे आली व मूठ उघडून तिने चिंचोके दाखविले. सात होते. त्यांतला एक फुटका, अर्धाच होता. तो मोजावा की न मोजावा याविषयी आम्हा दोघांत थोडा वाद झाला. शेवटी तो मोजला.